डोलोमाईट किती दाब सोसतो, हे कशावर ठरतं?

कोल्हापुरात दगड म्हणजे काळा दगड. अंबाबाईचं देऊळ त्याचंच, जोतिबाचं त्याचंच, पंचगंगेचा घाटही त्याचाच. पन्हाळ्याची चढण संपत आली की तांबडा जांभा सुरू होतो. डोलोमाईट हा चुनखडकाच्या जातीचा दगड मात्र आपल्या रोजच्या नजरेला कातळ म्हणून पडत नाही, तो पोत्यातून येतो. खताच्या दुकानात तो आम्लधर्मी जमिनीसाठी आणि पिकाला मॅग्नेशियम मिळावं म्हणून विकला जातो. बाजारातल्या पांढऱ्या रांगोळीत बऱ्याचदा त्याचीच पूड असते. फाउंड्रीवाल्यांना तो कपोला भट्टीत, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीत, चुनखडीच्या जोडीनं टाकायचा दगड म्हणून माहीत आहे. लोखंडातली घाण स्लॅग (मळी) होऊन पातळ व्हावी आणि सहज काढता यावी, यासाठी तो टाकतात. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचे साठे सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात, लोकापूर-कलादगीच्या बाजूला आहेत. आपल्या राज्यात तो चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरकडे सापडतो.

पूड म्हणून वापरायचा असेल तर त्याच्या ताकदीचं कुणाला काही पडलेलं नसतं. पण त्याच्यावर पुलाचा पाया घ्यायचा असेल, त्याच्यातून बोगदा काढायचा असेल, त्याची खडी काँक्रीटमध्ये घालायची असेल किंवा खाणीत त्याचेच खांब राखून वरचं छत पेलायचं असेल, तर पहिला प्रश्न येतो: हा किती दाब सोसेल? पुस्तक उघडलं तर उत्तर चक्रावून टाकतं. डोलोमाईटची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ, म्हणजे दाब सोसण्याची ताकद, कुठे 30 मेगापास्कलच्या (1 मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 10 किलो भार) आसपास दिलेली असते, तर कुठे 250 च्याही वर. नाव एकच आणि फरक आठ पटींचा. सिव्हिलच्या मुलांना यातला एखादा मधला आकडा पाठ करायला लावतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण समजून घेण्यासारखं जे काही आहे ते त्या फरकातच आहे.

खनिजं किती टक्के आणि छिद्रं किती टक्के, एवढ्या दोन आकड्यांवर लोक थांबतात. माझ्या मते तिथे दगडाची निम्मीच ओळख होते. कमकुवत खनिज दगडात नेमकं कुठे बसलंय आणि छिद्राचा आकार कसा आहे, हे कळल्याशिवाय तो कधी आणि कसा फुटेल ते सांगता येत नाही.

आधी, ताकद मोजतात कशी

ड्रिलिंगमधून निघालेला दगडाचा दंडगोल घेतात. त्याला कोअर म्हणतात. नेहमीचा व्यास 54 मिलिमीटर, लांबी व्यासाच्या दोन ते तीन पट. दोन्ही टोकं घासून अगदी सपाट आणि एकमेकांना समांतर करतात. टोकाला बारीकसा उंचवटा राहिला तरी सगळा भार त्या ठिपक्यावर येतो आणि आकडा खोटा निघतो. मग कोअर यंत्रात उभा ठेवून वरून सावकाश दाब वाढवत नेतात. भारतात या चाचणीसाठी आयएस 9143 हे मानक आहे.

54 मिलिमीटर व्यासाच्या कोअरचं क्षेत्रफळ सुमारे 2290 चौरस मिलिमीटर भरतं. म्हणजे 100 मेगापास्कल ताकदीचा दगड फोडायला त्या मुठीएवढ्या वर्तुळावर 23 टनांच्या वर भार द्यावा लागतो.

दगड फुटतो तो एका क्षणात, पण त्याची तयारी बरीच आधी सुरू झालेली असते. दाब द्यायला लागलं की पहिल्यांदा आत आधीपासून असलेल्या बारीक भेगा मिटतात आणि दगड किंचित मऊ वागतो. त्यानंतर बराच वेळ जेवढा दाब तेवढा संकोच, असं सरळ गणित चालतं. पुढे कुठेतरी आत नव्या भेगा पडू लागतात. कोअरला संवेदक चिकटवले असतील तर त्यांचे बारीक आवाज नोंदवता येतात. सुरुवातीला ते तुरळक असतात, मग दाट होत जातात. शेवटी भेगा एकमेकींना मिळतात आणि दगड जातो. घट्ट डोलोमाईट असेल तर मोठा आवाज होऊन कपच्या उडतात, म्हणून यंत्रापुढे जाळी लावतात.

भेगा कुठून सुटतात आणि एकमेकींपर्यंत कशा पोचतात, हाच खरा विषय आहे.

खनिजं

डोलोमाईट हे खनिजाचंही नाव आहे आणि मुख्यतः त्याच खनिजाच्या बनलेल्या खडकाचंही. फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोमिय यांनी 1791 मध्ये आल्प्समधल्या या खडकाचं वर्णन केलं. चुनखडकासारखा दिसतो, पण आम्ल टाकल्यावर तसा जोरात फसफसत नाही, हे त्यांनी नोंदवलं. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावावरून खनिजाला नाव मिळालं. ही आम्लाची परीक्षा आजही फील्डवर चालते. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब चुनखडकावर पडला की लगेच बुडबुडे येतात. डोलोमाईटवर जवळजवळ काही होत नाही, पण तीच जागा खरवडून पूड केली की हळूहळू फेस येतो.

चुनखडकातलं मुख्य खनिज कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. डोलोमाईटच्या स्फटिकात कॅल्शियमचा एक थर, मग कार्बोनेटचा, मग मॅग्नेशियमचा, अशी आळीपाळीनं रचना असते. मॅग्नेशियमचा आयन कॅल्शियमपेक्षा लहान असल्यामुळे ऑक्सिजनशी त्याचा बंध आखूड आणि घट्ट होतो. त्याचा परिणाम हातात धरून कळावा इतका स्पष्ट आहे. कॅल्साइटची घनता 2.71, डोलोमाईटची 2.85 च्या आसपास. मोहच्या मापावर कॅल्साइटचा कठीणपणा 3, डोलोमाईटचा साडेतीन ते चार.

याहून महत्त्वाचा फरक आहे तो दाबाखाली वागण्याचा. कॅल्साइटच्या स्फटिकावर थोडाफार कातरताण, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवणारा जोर, आला तरी त्यातले थर एका ठरावीक कोनात कलंडतात आणि स्फटिकाच्या आतच आरशातल्या प्रतिमेसारखा जुळा पट्टा तयार होतो. स्फटिक न तुटता आकार बदलतो आणि ताण सैल होतो. डोलोमाईटला नेहमीच्या तापमानाला ही सवलत जवळपास नाहीच. त्याला असं कलंडायला काहीशे अंश तापमान आणि बराच जास्त ताण लागतो. म्हणून घट्ट आणि शुद्ध डोलोमाईट तसल्याच चुनखडकापेक्षा सहसा ताठ आणि दमदार असतो, पण फुटायची वेळ आली की सूचना न देता फुटतो.

आता शुद्ध डोलोमाईट निसर्गात क्वचितच मिळतो. त्याच्याबरोबर काय आलंय आणि कसं आलंय, यावर खेळ बदलतो. गारगोटीच्या जातीची सिलिका, म्हणजे क्वार्ट्ज किंवा चर्ट, दाण्यांमध्ये पसरून सिमेंटसारखी बसली असेल तर दगड कठीण होतो, ड्रिलचे बिट लवकर झिजतात. तीच सिलिका चर्टच्या मोठ्या गाठी होऊन आली असेल तर गाठ आणि भोवतालचा डोलोमाईट दाबाखाली वेगवेगळे आकसतात, आणि त्यांच्या सीमेवरच भेग सुरू होऊ शकते. जिप्सम पाण्यात विरघळतं, त्यामुळे आज भरलेली पोकळी उद्या रिकामी होऊ शकते. पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, हवा-पाण्यानं गंजतं आणि त्यातून आम्ल सुटतं. उष्णता, सिलिका आणि पाणी यांनी डोलोमाईटचं रूपांतर झालं असेल तर त्यात शंखजिरं तयार होतं. ते नखानं खरवडता येतं, आणि त्याचा पातळ पापुद्रा जरी सांध्यात बसला तरी दगड तिथे घसरतो.

चिकणमातीकडे जरा थांबून बघायला हवं, कारण व्यवहारात सगळ्यात जास्त घोटाळा हिच्यामुळे होतो. समजा 54 मिलिमीटर व्यासाचा आणि 130 मिलिमीटर लांबीचा कोअर आहे. त्यात आडव्याशी 60 अंशांचा कोन करून मातीचा एकच तिरका पट्टा जातोय, जाडी फक्त 1 मिलिमीटर. हिशेब केला तर ही माती कोअरच्या एकूण आकारमानाच्या जेमतेम दीड टक्का भरते. रिपोर्टमध्ये 'चिकणमाती 1.5 टक्के' एवढंच लिहून येईल आणि वाचणारा निर्धास्त होईल. पण दाब दिला की वरचा अर्धा कोअर त्या पट्ट्यावरून खाली घसरतो, बाकी सगळा डोलोमाईट कितीही चांगला असला तरी. याउलट चार-पाच टक्के माती स्फटिकांच्या मधोमध सुट्या ठिपक्यांनी विखुरली असेल तर ताकद कमी होते, पण दगड असा एका रेषेत दगा देत नाही.

खनिजांची टक्केवारी काढायची नेहमीची पद्धत म्हणजे क्ष-किरण विवर्तन, सगळे त्याला एक्सआरडी म्हणतात. पद्धत उत्तम आहे. पण तिच्यासाठी दगडाची आधी पूड करावी लागते, आणि पूड झाली की कोण कुठे बसलं होतं ही माहिती कायमची जाते. म्हणून तिच्या जोडीला पातळ छेद हवाच. दगडाची चकती काचेवर चिकटवून 0.03 मिलिमीटरपर्यंत घासतात, मग तिच्यातून प्रकाश आरपार जातो. घासण्याआधी छिद्रांत निळा रंग मिसळलेला इपॉक्सी (घट्ट होणारी चिकट राळ) भरतात. वरून अलिझारिन रेड या रंगाचा हात दिला की कॅल्साइट लालसर होतं आणि डोलोमाईट तसाच बिनरंगी राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली ही पट्टी ठेवली की निळं म्हणजे पोकळी, लाल म्हणजे कॅल्साइट, पांढरं म्हणजे डोलोमाईट आणि त्यांच्यामधून वेडीवाकडी गेलेली काळपट रेघ म्हणजे बहुतेक माती किंवा सेंद्रिय द्रव्य साचलेली शीर. एका नजरेत दगडाची अंतर्गत व्यवस्था दिसते. ज्या मुलांना संधी मिळेल त्यांनी हे एकदा तरी डोळ्यांनी बघावं.

दाण्यांचा आकार आणि त्यांची वीण

खनिज तेच असलं तरी दाणे बारीक की जाड यानं फरक पडतो. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं 1921 मध्ये काचेवर प्रयोग करून दाखवलं की ठिसूळ पदार्थाची ताकद त्यातल्या सगळ्यात मोठ्या भेगेवर ठरते, आणि भेग चौपट लांब झाली की ताकद निम्मी होते. दगडात सुरुवातीची भेग साधारण एका दाण्याएवढी असते, कारण ती दाण्याच्या कडेनं किंवा दाण्यातल्या नैसर्गिक फाळीनं जाते. म्हणून बारीक दाण्याचा डोलोमाईट जाड दाण्याच्या डोलोमाईटपेक्षा सहसा भारी पडतो.

वीण त्याहून बोलकी असते. काही डोलोमाईटमध्ये स्फटिकांच्या कडा वाकड्यातिकड्या, एकमेकांत अडकलेल्या असतात. भेगेला पुढे जायचं तर सतत वळावं लागतं. काहींमध्ये मात्र प्रत्येक स्फटिक सुटा, टोकदार, सपाट बाजूंचा असतो आणि शेजाऱ्याला फक्त काही ठिकाणी टेकलेला असतो. मधे मोकळी जागा राहते. कारखान्यातून आलेली जाड दाण्याची साखर मुठीत दाबून धरल्यावर जशी दिसते, तसा हा दगड भिंगाखाली दिसतो. असला डोलोमाईट तेलाच्या किंवा पाण्याच्या साठ्यासाठी फार चांगला, पण भार पेलायला कच्चा. बोटानं घासलं तर कधीकधी दाणे सुटून येतात.

छिद्रं: किती, केवढी, कशी

आता विषयाच्या गाभ्याकडे येऊ. छिद्रं वाढली की ताकद घटते, एवढं कुणीही सांगेल. पण ती सरळ रेषेत घटत नाही. सुरुवातीची थोडी छिद्रं सगळ्यात जास्त नुकसान करतात. फक्त समजण्यासाठी एक गणित धरू: छिद्रं अजिबात नसताना ताकद 200 मेगापास्कल, आणि दर 5 टक्के छिद्रांमागे ती तीन चतुर्थांश होते. मग 5 टक्क्यांना 150, 10 टक्क्यांना सुमारे 112, 15 टक्क्यांना 84, आणि 20 टक्क्यांना 63. पहिल्या पाच टक्क्यांनी 50 नेले, शेवटच्या पाच टक्क्यांनी 21. प्रत्यक्षात घटण्याचा वेग दगडागणिक बदलतो, पण वक्राची धाटणी हीच असते. म्हणून 2 टक्के आणि 6 टक्के छिद्रांच्या दोन डोलोमाईटना 'दोन्ही घट्टच' म्हणून एका पारड्यात टाकणं चूक आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे छिद्र केवढं. एकूण 8 टक्के पोकळी हजारो बारीक छिद्रांत वाटलेली असेल, किंवा तीच 8 टक्के मोजक्या मोठ्या पोकळ्यांत असेल. छिद्रातून सुटणाऱ्या भेगांचं गणित सॅमिस आणि ॲश्बी या शास्त्रज्ञांनी 1986 मध्ये मांडलं. त्याप्रमाणे पोकळी टक्क्यात तेवढीच असताना छिद्राची त्रिज्या चौपट झाली की ताकद निम्म्यावर येते. टक्केवारीत हा फरक दिसतच नाही.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, म्हणजे छिद्राचा आकार. जर्मन अभियंता किर्श यानं 1898 मध्ये गोल भोक असलेल्या पट्टीतला ताण काढला. वरून दाब दिला तर भोकाच्या डाव्या-उजव्या कडेला तो दाब तिप्पट होतो. पण भोकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दाब नसतोच, तिथे उलट ताण येतो, दगड दोन्ही बाजूंना ओढला जातो, आणि हा ताण वरून दिलेल्या दाबाएवढाच असतो. दगड दाब भरपूर सोसतो, पण ओढ त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच सोसतो. म्हणून पहिली भेग पडते ती छिद्राच्या माथ्याला आणि तळाला, आणि जाते दाबाच्या दिशेनं, उभी. छिद्रापासून दूर गेलं की हा ताण लवकर ओसरतो, त्यामुळे एकट्या छिद्रातून निघालेली भेग थोडं जाऊन थांबते. शेजारी दुसरं छिद्र जवळ असेल तर मात्र ती त्याला गाठते. मग तिसरं, मग चौथं. दगड दाबत असताना तो उभा फाटतो, याचं कारण हे आहे.

छिद्र गोल नसून चपटं असेल तर? 1913 मध्ये इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्यानं जहाजबांधणीच्या संदर्भात लंबवर्तुळाकार भोकाचं गणित केलं. लांबी रुंदीच्या दहापट असेल आणि ताण लांबीच्या आडवा येत असेल तर टोकाशी तो एकवीस पट होतो. अर्थात चपट्या भेगेची दिशाही बघावी लागते. दाबाच्या दिशेला समांतर असलेली उभी भेग फारसा त्रास देत नाही, दाबाला काटकोनात असलेली बहुतेक मिटून जाते, आणि तिरकी असलेली घसरते. तिरक्या भेगेच्या टोकांतून वळून पंखासारख्या नव्या भेगा निघतात, आणि त्या दगडाचा निकाल लावतात.

काळ्या दगडाच्या खाणीत काम केलेल्या माणसाला यातलं बरंच आधीच ठाऊक असतं. लाव्हाच्या एकाच थराच्या पोटातला घट्ट कातळ तो देवळाच्या खांबाला आणि जात्याला निवडतो. वरच्या बाजूचा, वायूच्या बुडबुड्यांनी पोखरलेला भाग बाजूला काढतो. बुडबुडे पांढऱ्या खनिजानं भरलेले असले तर तो दगड निराळा ठेवतो. विहीर खणणाऱ्यांना असल्या मांजऱ्या दगडाची ओळख चांगली असते. जांभ्यात तर नळ्यांसारखी वाकडी पोकळ्यांची जाळी असते, तो कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो आणि ताकद कमी असूनही एक-दोन मजली भिंतीला पुरतो. डोलोमाईटमध्ये मात्र छिद्रांची घडण या दोघांपेक्षा वेगळी आहे, कारण त्याचा जन्मच वेगळा आहे.

ही छिद्रं आली कुठून

बहुतेक डोलोमाईट आधी चुनखडक होता. मॅग्नेशियमनं भरलेलं पाणी त्यातून दीर्घकाळ फिरलं आणि कॅल्साइटची जागा डोलोमाईटनं घेतली. कॅल्साइटच्या दोन रेणूंमागे डोलोमाईटचा एक रेणू बनतो, आणि त्याला त्या दोघांपेक्षा जागा सुमारे 13 टक्के कमी लागते. बाहेरून नवीन माल आला नाही तर तेवढी पोकळी आत शिल्लक राहते. प्रत्यक्षात पाणी बरोबर कार्बोनेटही आणतं, आणि रूपांतर पूर्ण झाल्यावरही आणत राहिलं तर पोकळ्या पुन्हा भरून निघतात. म्हणून काही डोलोमाईट साखरेच्या दाण्यांसारखे भुसभुशीत राहतात, तर काही संगमरवरासारखे घट्ट होतात. मूळ खडकात शंख-शिंपले असतील तर ते विरघळून त्यांच्या आकाराचे साचे पोकळ उरतात. पुढे पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी सांध्यांतून शिरून मोठ्या गुहा करतं. डोलोमाईट कॅल्साइटपेक्षा सावकाश विरघळतो, पण विरघळतो.

याचं भयंकर उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला सोन्याच्या खाणींसाठी डोलोमाईटमधलं भूजल उपसलं गेलं. पाण्याची पातळी उतरल्यावर वरची माती खालच्या गुहांत ढासळू लागली. 12 डिसेंबर 1962 रोजी वेस्ट ड्रीफाँटेन खाणीवर जमीन खचली आणि खनिज दगड फोडण्याची सगळी इमारत आत गेली. 29 माणसं मेली. त्या जागेचा घट्ट डोलोमाईट प्रयोगशाळेत दाबून पाहिला असता तर आकडा चांगलाच आला असता. 54 मिलिमीटरच्या कोअरमध्ये गुहा मावत नाही.

आपल्याकडचं उलट टोकाचं उदाहरण म्हणजे काश्मीरला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचा चिनाब पूल. नदीपात्रापासून 359 मीटर उंच, कमान 467 मीटरची, 6 जून 2025 ला त्याचं उद्घाटन झालं. त्याचा पाया ज्या उतारांवर आहे तिथला खडक डोलोमाईटी आहे आणि सांध्यांनी ठायीठायी चिरलेला आहे. सुट्या तुकड्याची ताकद पुरेशी असली तरी अख्खा उतार त्या सांध्यांवरून सरकू शकतो, हीच तिथली चिंता होती. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापक जी. माधवी लता यांनी या उतारांच्या स्थैर्याचं काम अनेक वर्षं केलं. खडकात खोलवर अँकर ठोकून आणि वरून काँक्रीटचा फवारा मारून उतार जखडून टाकले आहेत. तुकड्यातली भेग आणि डोंगरातला सांधा यांच्या लांबीत फरक आहे, पण दोन्हीकडे प्रश्न एकच: ती कुठे आहे आणि कुठल्या दिशेला आहे.

पाणी आणि आग

ओला दगड कोरड्यापेक्षा कमी भार घेतो. भेगेच्या टोकाशी पाणी पोचलं की तिथले बंध सोडवायला कमी जोर लागतो, आणि छिद्रांतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल तर ते आतून उलटा दाब देतं. माती असेल तर ती फुगते किंवा निसरडी होते. घट्ट, शुद्ध डोलोमाईटमध्ये ही घट थोडी असते, मातीच्या शिरा असलेल्यात फार. कोल्हापूर भागात पावसाळ्याचे चार महिने खडी भिजत असते हे लक्षात घेतलं, तर फक्त कोरड्या नमुन्याचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

काँक्रीटच्या खडीत आणखी एक धोका आहे. बारीक कॅल्साइट आणि माती यांच्या गाळात डोलोमाईटचे सुटे स्फटिक विखुरलेले असतील, तर सिमेंटमधल्या अल्कलीशी (सोडियम-पोटॅशियमच्या क्षारांशी) अभिक्रिया होऊन खडी फुगू शकते आणि काँक्रीट तडकतं. कॅनडात किंग्स्टनजवळ हा प्रकार 1950 च्या दशकात ओळखला गेला. इथेही नुसत्या टक्केवारीवरून अंदाज येत नाही, स्फटिक कशात रुतून बसलेत हे बघावं लागतं.

भट्टीत तर आणखी निराळी परीक्षा. कपोलात टाकलेल्या डोलोमाईटचा चुरा झाला तर कोळशामधून जाणारी हवा अडते. दगड तापला की त्यातल्या मॅग्नेशियमच्या भागातून आधी आणि कॅल्शियमच्या भागातून सुमारे 900 अंशांना कार्बन डायऑक्साइड सुटतो. जाड स्फटिकांत अडकलेले द्रवाचे सूक्ष्म थेंब त्याच्याही आधी फुगून स्फटिक तडतडतात. वायूला बाहेर पडायला बारीक, एकमेकांशी जोडलेली छिद्रं असली तर ढेकळं बरी टिकतात. म्हणजे पुलाखाली ज्या छिद्रांची भीती, तीच भट्टीत थोड्या प्रमाणात कामाची.

रिपोर्ट हातात आल्यावर

कंत्राटदार असा, फाउंड्रीत माल घेणारे असा किंवा विद्यार्थी असा, डोलोमाईटचा रिपोर्ट वाचताना कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथच्या रकान्यावरून थेट सहीकडे जाऊ नका. छिद्रांची टक्केवारी कशी काढली ते विचारा. पाण्यात भिजवून काढली असेल तर फक्त बाहेरपर्यंत पोचणारी छिद्रं मोजली गेली. बंद छिद्रं धरायची तर घनतेवरून हिशेब करावा लागतो. कोरड्या कोअरची घनता 2.58 आणि खनिजाची 2.86 असेल तर पोकळी जवळपास 10 टक्के आहे, मग पाण्याची चाचणी काहीही म्हणो. ध्वनिलहरींचा वेग मागा, ती चाचणी स्वस्त आहे आणि नमुना फुटतही नाही. घट्ट डोलोमाईटमधून लहर सेकंदाला सात किलोमीटरच्या आसपास वेगानं जाते. चपट्या भेगा असतील तर पोकळी टक्क्यात नगण्य असूनही वेग बराच पडतो. छिद्रांची टक्केवारी कमी आणि वेगही कमी, असं जोडीनं आलं तर आत भेगा आहेत असं समजा.

नमुना कोरडा तपासला की ओला, थरांच्या दिशेनं कापला की आडवा, हे लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या. आणि फुटलेल्या कोअरचा फोटो मागा. उभ्या फाळी पडल्या असतील तर छिद्रांतून सुटलेल्या भेगांनी काम केलंय आणि आकडा त्या दगडाचाच आहे. दाणे सुटून चुरा झाला असेल तर वीण कच्ची आहे. एकच तिरकी, गुळगुळीत चीर दिसली आणि तिच्यावर मातकट थर असला, तर तो आकडा डोलोमाईटचा नाही, त्या शिरेचा आहे. मग तशी शीर नसलेला कोअर घेऊन चाचणी पुन्हा करायला सांगा, आणि जागेवर त्या शिरा किती अंतरावर आणि कुठल्या कोनात आहेत ते मोजून घ्या.